बंद घर किती खातं?

कोकणात समुद्रकाठचं घर विकायला काढलं की ते दाखवायची वेळही ठरून जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारी चारनंतर. ऊन उतरलेलं असतं, विहीर भरलेली असते, दिवाळीआधी भिंतींना रंग दिलेला असतो, अंगण चोपून सारवलेलं असतं. आलेल्यांच्या हातात शहाळी दिली जातात. पडवीत टेकल्यावर लाटांचा आवाज येतो, नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, आणि दलालाला कळतं की काम झालं. मग बोलणं किमतीवर येतं आणि किमतीवरच थांबतं.

मी श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंतच्या पट्ट्यात घरांची बांधकामं आणि दुरुस्त्या करतो. ‘घेण्याआधी एकदा नजर टाका’ म्हणून लोक मला बोलावतात. बहुतेकांचा बेत सारखाच असतो. सुट्टीत आपण राहू, एरवी पर्यटकांना भाड्याने देऊ, भाड्यातून बँकेचा हप्ता निघेल. बेत चांगला आहे, आणि तो तडीला नेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण हिशेब मांडताना बहुतेक जण घर भरलेलं असेल तेव्हाचाच मांडतात. माझा पहिला प्रश्न उलटा असतो. वर्षभर एकही पाहुणा आला नाही, तर हे घर किती खाईल?

हा प्रश्न मला किनाऱ्यावरच्या घरांनीच शिकवला. त्यातल्या काहींच्या आतल्या गोष्टी इथे सांगतो. माणसांची नावं देत नाही. ती त्यांच्या घरची बाब आहे.

सातबारावरची माणसं

ठाण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी दापोली तालुक्यातल्या एका कौलारू घराच्या प्रेमात पडले. मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे खळं. भाव ठरला होता, इसाराचा चेक लिहून तयार होता. मला म्हणाले, “कागद सगळे झालेत. तुम्ही फक्त छप्पर बघा.”

छप्पर उत्तम होतं. वासे सागाचे, वाळवीचं नाव नाही. चहा येईपर्यंत मी सातबारा मागितला. विकणाऱ्याचं नाव त्यावर होतं, पण चौथ्या क्रमांकावर. वर त्याचे दोन काका, खाली चुलतभाऊ, बडोद्याला दिलेली बहीण. काकांपैकी एक कधीच वारले होते आणि त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नव्हती. विकणारा माणूस खोटा नव्हता. घर तोच सांभाळत होता, घरपट्टी तोच भरत होता, गाव त्यालाच मालक मानत होतं. कोकणात हे घरोघरी आहे. एक भाऊ गावात राहतो, बाकीचे चाकरमानी होतात, आणि वाटणी तोंडी राहते. पण खरेदीखत तोंडी वाटणीवर होत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. जमीन शेतीची, आणि घेणारे शेतकरी नव्हते. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. यावर दलाल एक तोडगा सुचवतात. दोन-तीन गुंठे स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, नोटरी करा, पुढचं पुढे. नोटरी केलेल्या कागदाने मालकी बदलत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखतच लागतं. शिवाय तुकडेबंदीचा १९४७चा कायदा आहेच.

बँक अधिकाऱ्यांनी चेक खिशात परत ठेवला. वकिलाकडून तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेतला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, भूमी अभिलेखची मोजणी करून घेतली. वारसांच्या नोंदी झाल्या, घराखालची जमीन बिनशेती झाली, आणि त्यानंतरच खरेदीखत झालं. बडोद्याची बहीण सहीला आली तेव्हा म्हणाली, “परसातले दोन हापूस आईने लावलेत.” ती झाडं तोडणार नाही, असा शब्द या गृहस्थांनी तिला दिला. तो पाळलाही.

या सगळ्याला पैसे लागले, पण घराच्या किमतीपुढे ते थोडेच होते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी लोकांना आधीपासून माहीत असते. कागद सरळ करायला लागणारा वेळ मात्र कुणी धरत नाही, आणि कर्ज आधीच उचललं असेल तर त्या वेळेचंही व्याज चालू असतं.

भरतीची रेषा

पुण्याचं एक तरुण जोडपं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. घर जुनं पण जागा मोक्याची. फाटक उघडलं की वाळू. मालकाने आमच्यासमोर लाटेपासून चालून दाखवलं. “मोजा, दोनशे पावलं भरतात.”

लाट आज कुठवर आली यावर काही ठरत नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम पहिल्यांदा १९९१ मध्ये आले, २०११ मध्ये बदलले, आणि १८ जानेवारी २०१९ रोजी पुन्हा नवी अधिसूचना निघाली. भरतीरेषा नकाशावर आखलेली असते आणि अंतर तिथून धरतात. ग्रामीण किनाऱ्यावर साधारणपणे २०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तिथे, हे अंतर ५० मीटर केलं. खाडीकाठचा नियम पुन्हा वेगळा. आपला गट क्रमांक त्या नकाशावर कुठे येतो, हे बघितल्याशिवाय किनाऱ्यावरच्या घराला किंमत लावताच येत नाही.

मालकाने मग घरपट्टीच्या पावत्या काढल्या, अगदी आजोबांच्या काळापासूनच्या. पावत्या खऱ्या होत्या. पण घरपट्टी भरली म्हणजे बांधकामाला परवानगी मिळाली, असं होत नाही. याची किंमत किती मोठी असते ते सगळ्या देशाने पाहिलं आहे. अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी स्फोटकं लावून पाडला गेला. त्या बंगल्याच्या मालकाबद्दल कुणाला वाईट वाटलं नसेल. पण केरळमध्ये कोचीजवळच्या मरडूला साध्या कुटुंबांनी घेतलेले फ्लॅट होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये सीआरझेडचा भंग म्हणून ते पाडायला सांगितले, आणि जानेवारी २०२० मध्ये चार संकुलं दोन दिवसांत जमीनदोस्त झाली. न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटधारकाला २५ लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली. आयुष्याची पुंजी घातलेल्यांना ती पुरी पडणारी नव्हती.

पुण्याच्या जोडप्याचं घर नकाशावर २०० मीटरच्या आत आलं. घर १९९१ च्या आधीचं, अधिकृत होतं. तेवढ्याच जोत्यावर दुरुस्ती करता आली असती. पण त्यांच्या बेतात वरचा मजला होता आणि आवारात चार खोल्या होत्या. त्या वजा केल्यावर राहिलेल्या दोन खोल्यांच्या भाड्यात हप्त्याचा तिसरा हिस्साही निघत नव्हता. त्यांनी घर सोडलं. पुढे ते त्या गावातल्याच एका कुटुंबाने घेतलं आणि जोतं न वाढवता तिथे घरगुती निवास सुरू केला. किनाऱ्यावरच्या स्थानिक कुटुंबांना अशी मुभा नियमातच आहे. घर तेच होतं. पुण्याच्या दोघांना न परवडलेलं ते घर या कुटुंबाला परवडलं, कारण ते स्वतः तिथे राहतात आणि त्यांच्या डोक्यावर कर्ज नाही.

खारा वारा

मी घर बघायला जाताना एक लहान हातोडी बरोबर नेतो. एका डॉक्टर बाईंना आठ वर्षांपूर्वी बांधलेला बंगला आवडला होता. समोर ना सुरूचं बन, ना नारळ; थेट समुद्र. भिंती नव्याकोऱ्या. मी गच्चीच्या तुळईला खालून हातोडीने ठोकत गेलो. घट्ट काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो. तीन ठिकाणी भदभद आवाज आला. मालकाच्या परवानगीने तिथला थर काढला, तर आतली सळई पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होती.

समुद्राच्या वाऱ्यातले क्षार काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोचतात आणि तिच्यावरचं संरक्षक आवरण मोडतात. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं, आणि काँक्रीट आतून फोडतं. म्हणूनच काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ : २००० मध्ये, किनाऱ्यावरच्या उघड्या बांधकामाला किमान एम-३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचा थर सांगितला आहे. थेट लाटांचे तुषार येत असतील तर त्याहून जास्त. इथे गवंड्याने पुण्यात सोडतात तेवढाच थर सोडला होता. मालकालाही ते ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

बाईंनी दुरुस्तीचा अंदाज काढायला सांगितला. तो आकडा घरातल्या सगळ्या सामानाच्या किमतीपेक्षा मोठा निघाला. त्यांनी तो मालकासमोर ठेवला, तेवढी किंमत कमी झाली, आणि त्यांनी घर घेतलं. तपासणी घेणाऱ्याच्या कामाची असतेच, पण ती विकणाऱ्यावरही अन्याय करत नाही. दोघंही खऱ्या आकड्यावर येतात.

सळईखेरीज हा वारा घरभर फिरतो. एसीच्या बाहेरच्या यंत्रातली जाळी खातो, पंख्याचे बेअरिंग खातो, फ्रिजचा मागचा भाग, कड्या-कोयंडे, टीव्हीच्या आतली पट्टी, सगळं. शहरात दहा वर्षं चालणारी वस्तू इथे निम्म्या काळात बदलावी लागते, असं धरूनच मी हिशेब करतो. बाहेरचे नळ आणि कठडे स्टेनलेस स्टीलचे हवे असतील तर ३१६ दर्जाचं घ्या असं सांगतो. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते क्षारांपुढे टिकतं. जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं यांना हा त्रास खूपच कमी. आणि सगळ्यात स्वस्त इलाज जागा निवडतानाच होतो. वाळूला लागून असलेलं घर आणि नारळाच्या वाडीआड, पाच मिनिटं चालत असलेलं घर यांच्या भाड्यात फरक पडतो, पण दुरुस्तीच्या खर्चात त्याहून मोठा पडतो. माझ्या ओळखीत ज्यांची घरं तग धरून आहेत त्यांच्यातले बरेच जण वाडीआड आहेत.

वैशाखातली विहीर

गुहागर तालुक्यातल्या एका घराला सुंदर चिरेबंदी विहीर होती. डिसेंबरात पाणी हाताला लागेल इतकं वर. घेणारे विहिरीवरच भाळले. तरणतलाव बांधायचा विचार बोलून दाखवत होते. शेजारच्या आजी गडग्यापलीकडून ऐकत होत्या. म्हणाल्या, “वैशाखात या, या पाण्याचा चहा पिऊन जा. दूध फाटतं.”

त्या एका वाक्यात सगळं भूजलशास्त्र होतं. किनाऱ्याजवळ जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पावसाने ते भरतं तोवर खारं पाणी खाली दबलेलं राहतं. उन्हाळ्यात गोडं पाणी घटतं, त्यात मोटार लावून उपसा केला की खारं पाणी वर चढतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात मे महिन्यात टँकर बोलवावे लागतात. आणि पर्यटकांची गर्दी नेमकी मे महिन्यातच असते.

मी त्यांना मे महिन्यात पाणी तपासून मगच ठरवायला सांगितलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. त्या विहिरीने मे महिन्यात ही दुसरी मर्यादाही ओलांडली. घर त्यांनी घेतलं, पण तरणतलाव रद्द केला, पावसाच्या पाण्याची जमिनीखाली मोठी टाकी बांधली, आणि खोल्या सहाच्या चार केल्या. आजींचा त्यांच्यावर अजून जीव आहे.

पाण्यासारखंच सांडपाण्याचं. घराचा शोषखड्डा सहा माणसांच्या कुटुंबासाठी खणलेला असतो आणि शनिवारी रात्री तिथे सोळा जण उतरतात. तो भरून वाहिला की वास येतो, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणीही बिघडू शकतं. सांडपाण्याच्या नव्या टाकीचा खर्च पहिल्याच हिशेबात घालायला मी आग्रह धरतो, कारण तो शेजारधर्माचाही खर्च आहे.

३ जून २०२०

त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं. मंडणगड-दापोलीपर्यंत छपरं उडाली. पत्रे वाडीत जाऊन पडले, विजेचे खांब आडवे झाले, काही गावांत वीज यायला आठवडे लागले. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागा उभ्या-उभ्या मोडल्या. सुपारीचं रोप लावल्यावर उत्पन्नाला बरीच वर्षं लागतात. आजोबांनी लावलेली बाग एका दुपारीत गेली.

त्यानंतर महिनोन् महिने मी छपरंच बसवत होतो. त्या कामात मला पाहुण्यांसाठी भाड्याने दिलेल्या घरांचा एक मोठा धोका दिसला. विमा असलेली घरं मुळात थोडी होती. ज्यांचा होता त्यांच्यातल्या काहींनी घर ‘स्वतःच्या राहण्यासाठी’ असं लिहून दिलं होतं आणि प्रत्यक्षात ते पाहुण्यांना भाड्याने जात होतं. दावा करताना नेमकं तेच आडवं आलं. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची घरविम्याची एकसारखी योजना मिळते. तिच्यात वादळ आणि पूर येतात. पण ती राहत्या घरासाठी आहे. घर पाहुण्यांना देणार असाल तर ते अर्जात लिहा आणि त्यासाठी कोणता विमा लागतो ते लेखी विचारून घ्या. हप्ता वाढला तरी चालेल.

दलालाचा कागद आणि माझी वही

आता आकड्यांकडे येऊ. दलाल एक छापील कागद देतो. तीन बेडरूमचा बंगला, रात्रीचे १२,००० रुपये, वर्षाला २०० रात्री, उत्पन्न २४ लाख. तोच बंगला माझ्या वहीत कसा उतरतो ते नमुन्यादाखल दाखवतो. आकडे प्रत्येक घराचे वेगळे असतील, मांडणी मात्र हीच.

समजा, कर्ज ६० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता महिना सुमारे ५२,००० म्हणजे वर्षाला सव्वासहा लाख.

आधी बंद घर. राखणदार जोडप्याचा पगार महिना १८,००० धरला तर २ लाख १६ हजार. विजेचा आणि इंटरनेटचा किमान आकार ३६ हजार. आगोटीची कामं, म्हणजे पावसाआधी कौलं चाळणं, पन्हळी साफ करणं, झडीच्या बाजूला आडोसा बांधणं, आणि पावसानंतरचा रंग, मिळून १ लाख. घरपट्टी, विमा, वाळवीचा बंदोबस्त, एसीची देखभाल ६० हजार. गंजणाऱ्या वस्तू बदलण्यासाठी बाजूला ठेवायचे ८० हजार. एकूण ४ लाख ९२ हजार. एकही पाहुणा न येता घर एवढं खातं. हप्ता धरला तर आकडा अकरा लाखांपलीकडे जातो.

आता भरलेलं घर. जून ते सप्टेंबर गर्दी ओसरते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या मासळीसाठी येणारा पाहुणाही थांबतो. उरलेल्या आठ महिन्यांतले शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना आणि पावसातले थोडे शौकीन मिळून ८५ रात्री धरतो. सूट, मधल्या वारचा उतरलेला भाव असं सगळं धरून सरासरी रात्रीचे १०,००० येतात. आरक्षणाच्या संकेतस्थळांचं कमिशन सरासरी १,००० जातं. चादरी धुणं, साफसफाई, गॅस, एसीची वीज यात १,८०० जातात. हातात रात्रीमागे ७,२०० राहतात.

यातून दोन आकडे निघतात. बंद घराचा खर्च भागवायला सुमारे ६८ रात्री लागतात. हप्त्यासह भागवायला १५५. दलालाच्या कागदावर २०० रात्री आहेत आणि माझ्या वहीत ८५. म्हणजे वर्षाला सुमारे पाच लाख रुपये पगारातून घालावे लागणार. ज्याला ते घालता येतात आणि घालायचे आहेत, त्याने खुशाल घ्यावं. ज्याला वाटतं की घर स्वतःला पोसेल, त्याने हे आकडे पुन्हा वाचावेत.

याखेरीज दोन गोष्टी सल्लागाराला विचाराव्यात. जीएसटीची नोंदणी केव्हा लागते, आणि वीजजोडणी घरगुती राहील की व्यावसायिक होईल. गोव्यात घर बघत असाल तर तिथे १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात पर्यटन विभागाची न्याहारी व निवास योजना आहे. तिच्यात नोंदलेलं घर पाहुण्यालाही भरवशाचं वाटतं.

घर राखणारे

एका मालकांनी हिशेब काटेकोर करायचा म्हणून राखणदाराचा पावसाळ्यातला पगार बंद केला. चार महिने पाहुणे नाहीत, तर पगार कशाला, असं त्यांचं म्हणणं. राखणदार दादा भातशेतीला लागले आणि नंतर दुसऱ्या घरी कामाला राहिले. जुलैत वादळी रात्री फणसाची पानं पन्हळीत तुंबली, पाणी उलटं फिरून छतात शिरलं. कुणी बघायला नव्हतं. ऑगस्टअखेर मालक आले तेव्हा हॉलचं छत गाद्यांवर कोसळलेलं होतं आणि भिंतींना हिरवी बुरशी धरली होती. वाचवलेल्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम दुरुस्तीत गेली, आणि दिवाळीचा हंगामही बुडाला.

पावसाळ्यात घर बंद असतं तेव्हाच राखणदाराचं खरं काम असतं. दर दोन दिवसांनी खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे, गाद्यांना हवा द्यायची, पन्हळीत हात घालायचा, लाईट गेली की मोटारीचं बटण बंद करायचं. हे काम कुठल्याही कॅमेऱ्याला करता येत नाही.

याच्या उलट एक शिक्षक दांपत्य मला ठाऊक आहे. त्यांनी घर घेताना गावातल्या एका जोडप्याशी आधी बोलणं केलं. बारा महिने पगार, जेवणाचे पाहुण्यांकडून येणारे पैसे पूर्ण वहिनींचे, आणि गणपतीत आणि शिमग्याला घर बंद. गणपतीत गावातल्या प्रत्येक घरी माणसं येतात, शिमग्यात पालखी दारात येते. त्या दिवसांत दुसऱ्याच्या घरी चादरी बदलायला कुणी जाऊ नये, असं शिक्षकांचं म्हणणं होतं. सुरुवातीला त्या बंद दिवसांचं नुकसान मोठं वाटलं. पण पाहुणे वहिनींच्या हातच्या जेवणासाठी परत यायला लागले, थेट फोन करायला लागले, आणि कमिशन वाचू लागलं. त्या घराच्या वहीत सगळ्यात भारी खर्च पगाराचा आहे आणि सगळी कमाईही त्यातूनच येते.

मग घ्यावं का?

मला हे शेवटी सगळेच विचारतात. माझं उत्तर असं आहे. पसंत पडलेलं घर जुलैत, पाऊस लागलेला असताना जाऊन बघा. मे महिन्यात विहिरीचं पाणी चाखा. शेजाऱ्यांशी बोला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांशी. सातबारा, फेरफार आणि सीआरझेडचा नकाशा आपल्या वकिलाकडून तपासून घ्या. विकणाऱ्याच्या वकिलाकडून नको. विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, आणि २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, हेही धरा.

आणि विकत घेणं हाच एक मार्ग नाही. किनाऱ्यावरच्या गावागावात चाकरमान्यांची चांगली घरं कुलूपबंद पडली आहेत. मुंबईच्या दोन मैत्रिणींनी असं एक घर पाच वर्षांच्या नोंदणीकृत कराराने घेतलं. दुरुस्ती त्यांची, मालकी मूळ कुटुंबाची, मे महिन्यातले पंधरा दिवस आणि गणपती त्या कुटुंबाचे. कर्ज नाही, त्यामुळे त्यांना फक्त बंद घराचा खर्च भागवायचा असतो, आणि साठ-सत्तर रात्रींत तो भागतो. करार संपेपर्यंत त्यांना कळलेलं असेल की हे काम आपल्याला झेपतं का. ज्या घरात दिवा लागत नव्हता ते घर राहतं राहिलं, हा त्यातला मोठा लाभ मला वाटतो.

बेत फसलेली घरंही मी पाहिली आहेत. हप्ता थकतो, दुरुस्ती टळते, राखणदाराचा पगार अडतो, मग घर पडीक होतं. मालकाचे पैसे बुडतात, पण त्याची नोकरी शहरात शाबूत असते. गावातल्या जोडप्याचं मात्र उत्पन्नच जातं, आणि मुलीच्या कॉलेजची फी त्या उत्पन्नावर ठरलेली असते. म्हणून मी हा हिशेब इतक्या आग्रहाने मांडतो. बंद घराचा वर्षाचा खर्च काढा, आणि तो निदान तीन वर्षं आपल्या कमाईतून भरता येईल का ते बघा. येत असेल तर घर घ्या, बारा महिन्यांचा पगार आधी बाजूला काढा, आणि मगच पडद्यांचे रंग ठरवा.